जो वाचला, त्यानं पुन्हा सांगायलाच हवं का?

बिडकीनमध्ये मी वकील आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी गट नंबर सांगायला लागतो. त्याचा दोष नाही. पैठण रस्त्यावरच्या आमच्या गावाला वकिलांची खरी ओळख जमिनीमुळे झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला, शेंद्रा-बिडकीनचा पट्टा त्यात गेला, एकरी 23 लाखांचा दर ठरला आणि ज्या घरांत कधी चेकबुक नव्हतं त्या घरांत वाटणीचे दावे सुरू झाले. भावाभावांत, बहीणभावांत. माझं घर या दाव्यांवर चालतं. दुसरं एक काम मी करतो, त्याबद्दल गावात फारसं बोलत नाही. वसतिगृहं, आश्रमशाळा, बालगृहं अशा ठिकाणी लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांचं वकीलपत्र घेऊन मी संभाजीनगरच्या कोर्टात उभा राहतो.

2025 च्या जुलैत एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. मुलगा म्हणजे पंचविशीचा, कंपनीत कंत्राटी कामाला. (त्याची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत.) त्याच्या वडिलांची जमीन संपादनात गेलेली आणि काकांशी वाद चालू, हे मला माहीत होतं. म्हणून मीही तेच म्हणालो, “गट नंबर सांग.”

तो काही बोलला नाही. मोबाइल काढून त्यानं मला एक बातमी दाखवली. 30 जूनला शहरातल्या छावणी भागातल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली पळून बाहेर आल्या होत्या. त्यांनी छळाचे आरोप केले होते, आणि औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती.

“या पोरी बोलल्या ना, दादा,” तो म्हणाला. “मी नाही बोललो.”

अकराव्या वर्षी तो बाहेरच्या एका जिल्ह्यात वसतिगृहात होता. पुढचं मी इथे लिहीत नाही. एक वॉर्डन होता, आणि रात्री दाराला आतून कडी लावायची नाही असा त्याचा नियम होता, एवढं पुरे. सगळं सांगून झाल्यावर त्यानं माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली संपवली.

“मला केस नाही करायची,” तो म्हणाला. “फक्त कुणाला तरी सांगायचं व्हतं.”

“तो माणूस आता कुठंय?”

“दुसऱ्या ठिकाणी. तिथं पण होस्टेलच आहे. फेसबुकवर पोरांसोबत फोटो टाकतो. झेंडावंदनाचे.”

इथे मला एक कबुली द्यायला हवी. तो बोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. साल 2011, म्हणजे पॉक्सो कायद्याच्या आधीचं. म्हणजे कलम 377. वैद्यकीय पुरावा शून्य. बरोबरची मुलं सापडतील का? एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट तोंडातून बाहेर काढत होता आणि मी केस किती मजबूत आहे ते चाचपत होतो. वकिलाला हे शिकवलेलंच असतं, पण त्या दिवशी मला माझीच शिसारी आली.

त्यानंतर बरेच महिने एक प्रश्न माझ्याबरोबर बिडकीन ते अदालत रोड असा मोटारसायकलवर रोज येतोय. ज्याच्यावर अत्याचार झाला आणि जो त्यातून कसाबसा बाहेर पडला, त्यानं बोलायलाच हवं का? स्वतःसाठी नव्हे. आत अजून मुलं आहेत म्हणून. आणि त्याला ‘तू बोल’ असं म्हणायचा हक्क मला आहे का?

घरातल्या अत्याचारात आणि संस्थेतल्या अत्याचारात हा मोठा फरक आहे. संस्थेत दर जूनला नवी मुलं येतात. खाटा त्याच असतात. एक मुलगा दहावी होऊन बाहेर पडला की त्याच्या खाटेवर दुसरा येतो. त्यामुळे बाहेर पडलेल्याचं गप्प बसणं हे फक्त त्याचं उरत नाही, असं वाटायला लागतं. ते खरं आहे की आपण ते त्याच्या गळ्यात बांधतो, हेच मला कळत नव्हतं.

(जाता जाता: इंग्रजीत अशा माणसाला सर्व्हायव्हर म्हणतात. आमच्या कोर्टाच्या कागदांत ‘पीडित’ आणि ‘पीडिता’ हे दोनच शब्द आहेत. ‘पीडित’ म्हटलं की ती पीडा आजही चालू आहे असं वाटतं. ‘वाचलेला’ म्हटलं की अपघातातून सुटल्यासारखं. मी या लेखात ‘वाचलेला’च म्हणतोय, कारण निदान त्यात तो जिवंत आहे.)

*

आधी कोर्टात काय असतं ते सांगतो, कारण सिनेमात ते वेगळं दिसतं. फौजदारी खटल्यात पक्ष दोनच. एक राज्य, दुसरा आरोपी. फाइलवर लिहिलेलं असतं ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुकतमुक’. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं नाव तिथे नसतं. तो साक्षीदार. त्याच्या वतीनं वकील लावायची मुभा कायद्यानं 2009 च्या दुरुस्तीत दिली, पण तो वकील सरकारी वकिलाला मदत करण्यापुरता. रेखा मुरारका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं की पीडिताच्या वकिलाला साक्षीदार तपासता येणार नाही, तोंडी युक्तिवादही करता येणार नाही. म्हणजे माझं काम काय? सरकारी वकिलांच्या मागच्या खुर्चीवर बसायचं, चिठ्ठी पुढे सरकवायची आणि शेवटी लेखी युक्तिवाद द्यायचा. सरकारी वकील चांगले असले तर चिठ्ठी वाचतात.

त्यामागचं कारण मला पटतं. शिक्षा देणं हे सूड घेणं होऊ नये म्हणून खटला राज्याच्या नावानं चालतो. पण त्याचा एक परिणाम असा की ज्याचं सगळं पणाला लागलेलं असतं, त्याच्या हातात खटल्याची एकही दोरी नसते. तारीख कधी, प्रश्न कोणते, अपील करायचं की नाही, सगळं दुसरे ठरवतात. त्यानं फक्त पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं. आणि मग पुन्हा सांगायचं.

कुलाब्याच्या मुलांची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. 1995 मध्ये डंकन ग्रँट या ब्रिटिश माणसानं मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाचे निवारे सुरू केले. कुलाबा, कफ परेड, पुढे मुरुड. ॲलन वॉटर्स हा त्याचा मित्र तिथे येऊन-जाऊन असायचा. फुटपाथवर झोपणाऱ्या मुलांना छप्पर, जेवण, कपडे मिळत होते. 2001 मध्ये मुलांचं बोलणं पत्रकार मेहेर पेस्तनजी, वकील महारुख अदेनवाला आणि चाइल्डलाइनपर्यंत पोचलं. गुन्हा दाखल झाला. वॉटर्सला अमेरिकेत अटक करून इकडे आणावं लागलं, ग्रँट 2005 मध्ये हजर झाला. मार्च 2006 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं दोघांना सहा वर्षं आणि तिथला व्यवस्थापक विल्यम डिसोझा याला तीन वर्षं सक्तमजुरी दिली. जुलै 2008 मध्ये हायकोर्टानं तिघांनाही निर्दोष सोडलं. 18 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हायकोर्टाचा निकाल फिरवून सत्र न्यायालयाची शिक्षा पुन्हा कायम केली.

वकिलीच्या पुस्तकांत हा विजय म्हणून शिकवतात, आणि तो आहेच. मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवून परदेशी माणसांना शिक्षा झाली, ही लहान गोष्ट नाही. पण मी जेव्हा जेव्हा तो निकाल वाचतो, तेव्हा मधल्या जवळजवळ 32 महिन्यांपाशी अडकतो. जुलै 2008 ते मार्च 2011. त्या काळात ती मुलं कोण होती? त्यांनी पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, उलटतपास झेलला. आणि मोठ्या कोर्टानं आरोपींना घरी पाठवलं. आता ती मुलं तरुण झाली होती, कुठेतरी काम करत असतील, कुणाचं लग्न ठरत असेल. सर्वोच्च न्यायालयात अपील केलं ते चाइल्डलाइननं आणि राज्य सरकारनं. ती मुलं स्वतः अपील करूच शकत नव्हती, कारण सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क पीडिताला मिळाला तोच 2009 च्या शेवटी. म्हणजे त्यांच्या सांगण्याचं पुढे काय व्हायचं हे, ज्यांच्याशी त्यांची गाठ पडली ती माणसं भली निघाली, यावर अवलंबून राहिलं.

अजून एक. त्या निकालात मुलांची नावं आहेत, आडनावांसकट. तेव्हा तसा रिवाज होता. आज पॉक्सोचं कलम 23 आहे आणि असं नाव छापणं गुन्हा आहे. पण इंटरनेटवर तो निकाल कुणीही वाचू शकतं. फाइलच्या शीर्षकात चाइल्डलाइन आहे आणि वॉटर्स आहे. मुलांना तिथे जागा नाही, आणि आत मात्र ती कायमची सापडतात.

*

मला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. तिच्या संस्थेचं नाव, गाव काही लिहीत नाही. सोळा वर्षांची. तिला कोर्टात यायचं नव्हतं. मी तिला तीनदा जाऊन भेटलो. तिसऱ्या भेटीत मी म्हणालो, “तू बोललीस तर बाकीच्या मुली वाचतील.” ते वाक्य कामी येतं हे मला ठाऊक होतं. ती आली.

पॉक्सोत बरंच चांगलं लिहिलंय. बंद दाराआड सुनावणी, मुलाला आरोपी समोर दिसू नये, बचाव पक्षाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जावेत, साक्ष तीस दिवसांत नोंदवावी, खटला शक्यतो वर्षात संपवावा. तिच्या वेळी पडदा होता. पण आरोपी पडद्यामागे खोकत होता आणि तिला तो खोकला ओळखीचा होता. पडद्याचा नियम करणाऱ्याला खोकल्याचं सुचलं नसणार, आणि मलाही सुचलं नव्हतं. दोन तारखा चुकल्या, एक प्रसंग पोलिसांच्या जबाबात नव्हता तो कोर्टात आला. निकाल लागला: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

मी तिला तो समजावून सांगत होतो. कोर्टानं असं म्हटलेलं नाही की हे घडलंच नाही. एवढंच म्हटलंय की शंकेला जागा उरू नये इतका पुरावा नाही. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील वगैरे, जे आपण सगळे लॉ कॉलेजात पाठ करतो ते. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, “सर, संशय कुणावर होता?”

मी गप्प.

“फायदा त्याला झाला. मग संशय माझ्यावर ना?”

मराठीत हा शब्दप्रयोग ज्यानं केला त्यानं तो सोळा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं कधी ऐकला नसणार. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे न्यायाचं तत्त्व आहे आणि ते मी सोडणार नाही. उद्या माझ्या भावाला कुणी खोट्या केसमध्ये गुंतवलं तर मी त्यालाच धरून उभा राहीन. पण तो फायदा फुकट येत नाही. कुणाच्या तरी खात्यातून तो वजा होतो. त्या मुलीच्या खात्यातून झाला, आणि तिला तिथे उभं करणारा मी होतो. अपील केलंय. चालू आहे. तिनं फोन नंबर बदलला. शेवटचा मेसेज होता: “बाकीच्या मुली वाचल्या का?” ती संस्था वेगळ्या नावानं चालू आहे.

त्यामुळे जेव्हा कुणी सभेत टाळ्या घेत म्हणतो की पीडितांनी पुढं यायला पाहिजे, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की पुढं म्हणजे कुठं, आणि तिथे त्यांच्यासाठी काय ठेवलंय तुम्ही?

पैशांचं म्हणाल तर तेही सांगतो. ‘स्पॉटलाइट’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. बॉस्टनमधल्या धर्मगुरूंचं प्रकरण ‘बॉस्टन ग्लोब’नं 2002 मध्ये बाहेर काढलं, त्यात मिचेल गॅराबेडियन नावाचा चक्रम वाटणारा वकील आहे, तो खराच आहे. 2003 मध्ये तिथल्या चर्चनं 552 जणांना मिळून साडेआठ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. पण त्याच्या आधी कितीतरी प्रकरणं गुपचूप तडजोडीत मिटली होती. पैसे घ्या आणि बोलू नका. वकिलांना वाटा मिळाला, पक्षकाराला थोडी रक्कम मिळाली आणि पुढच्या मुलाला काहीच कळलं नाही. आपल्याकडे निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. (जमिनीच्या केसमध्ये ती कशी पाळली जाते ते बिडकीनमध्ये कुणालाही विचारा. टक्केवारी कागदावर नसते.) संस्थेविरुद्ध दिवाणी दावा लावून भरपाई मागायची वाट आपल्याकडे जवळजवळ कुणी चालत नाही. राहते सरकारची मनोधैर्य योजना, 2013 मध्ये सुरू झालेली. जास्तीत जास्त 10 लाख.

एकदा एका वडिलांनी माझ्यासमोर हिशेब केला होता. एकरी 23 लाख, म्हणजे 10 लाखांचे सतरा गुंठे. “सतरा गुंठे होतात साहेब,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ टेबलाकडे बघत बसले. ते लोभी नव्हते. मोजायचं कसं हे त्यांना एकाच रीतीनं माहीत होतं.

वकिलाला फी मिळत नसली तरी मिळतं काहीतरी. नाव होतं. पेपरात फोटो येतो. ‘लढवय्या’ वगैरे विशेषणं लागतात. त्या मुलीला मी तीनदा भेटायला गेलो ते फक्त बाकीच्या मुलींसाठी, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

*

आता मूळ प्रश्न. वाचलेल्याचं काही कर्तव्य आहे का?

माझं पहिलं उत्तर रागातून आलेलं होतं: अजिबात नाही. विहिरीत पडलेलं पोर कसंबसं वर आलं तर आपण त्याला लगेच ‘आत अजून कोण आहे ते बघून ये’ म्हणत नाही. विहिरीला कठडा का नव्हता, हे विचारतो. कठडा बांधायचं काम विश्वस्तांचं होतं, तपासणी अधिकाऱ्याचं होतं, अनुदान देणाऱ्या खात्याचं होतं. ते सगळे पगार आणि मान घेऊन बसले होते. ज्याचा काही दोष नाही, त्याच्यावर सगळ्यांचं काम ढकलायचं हा दुसरा अन्याय आहे.

हे उत्तर मला अजून पटतं, पण पुरत नाही. कारण संस्थेच्या बाबतीत गावानं ठरवलेलं असतं की विहीरच नाही. विश्वस्त म्हणतात विहीर नाही, अधिकाऱ्याच्या अहवालात विहीर नाही, आतल्या मुलांना बोलायची सोय नाही. पनवेलच्या कल्याणी महिला बालसेवी संस्थेत तर अत्याचार झालेल्या मुली मतिमंद होत्या. 2011 मध्ये ते उघडकीला आलं, 2013 मध्ये संस्थापकाला शिक्षा झाली, पण तोवर त्या मुलींच्या वतीनं कोण बोललं असतं? विहीर आहे हे ज्याला माहीत आहे तो एकटा असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघण्यावाचून इतरांना इलाज नसतो. हे त्याचं कर्ज नाही, तरीही गरज खरी आहे. गरज खरी असली म्हणून कर्ज तयार होतं का? होत नाही असं मला वाटतं. रक्ताची गरज असते म्हणून कुणाला धरून आणून सुई टोचता येत नाही. मागता मात्र येतं. आणि मागणारा ‘तू नाही दिलंस तर तो मरेल’ असं म्हणाला, तर ते मागणं राहत नाही. मी त्या मुलीला नेमकं तेच म्हटलं होतं.

कायद्यानं या गुंत्यातून एक वाट काढलीय आणि ती मला वाटली होती त्याहून शहाणी निघाली. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला गुन्हा घडल्याचं माहीत आहे किंवा घडेल अशी भीती आहे, त्या कुणीही पोलिसांना कळवायलाच हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण 2019 मध्ये बाहेर आलं. त्या मुलींवर उपचार करणारे एक डॉक्टर होते. त्यांना कळूनही त्यांनी कळवलं नाही असा आरोप होता. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला. डॉक्टर दोषी की नाही हे खटल्यात ठरेल. पण न्यायालयानं बोलायचं ओझं कुणावर टाकलं ते बघा. ज्याच्या अंगावर काही घडलेलं नाही पण ज्याला कळलंय, त्याच्यावर.

हे वाचून मला बरं वाटलं होतं. जुलैतल्या त्या दुपारपर्यंत. कारण त्या दुपारनंतर ज्याला कळलंय तो माणूस मी होतो.

त्याच्यावर जे घडलं ते 2011 चं. पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा. म्हणजे त्याच्या गुन्ह्याला लागू पडणार तेच 1860 चं कलम 377, जे कुलाब्याच्या मुलांनाही लागलं होतं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेलं नाही. जुने गुन्हे जुन्या कायद्यानं चालतात इतकंच. पण आज त्या होस्टेलमध्ये जी मुलं झोपतात, त्यांच्याबद्दलची भीती आजची होती. आणि ती मला विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीतून आली होती.

मी आठ दिवस काही केलं नाही. मोठ्या वकिलांशी बोललो, कुणाचंही नाव न घेता. एकानं सांगितलं, पक्षकाराचं गुपित ते गुपित. दुसऱ्यानं सांगितलं, लहान मुलांपुढं गुपित कसलं. दोघेही ठाम. मी वाचत होतो, विचार करत होतो, स्वतःला फार जबाबदार वकील समजत होतो. नंतर लक्षात आलं, आठ दिवस म्हणजे त्या होस्टेलमधल्या आठ रात्री.

नवव्या दिवशी त्याला बोलावलं. सांगितलं, की तुझी गोष्ट तुझीच आहे, तुझं नाव, तुझं वर्ष, तुझं होस्टेल मी कुठंही सांगणार नाही. केस करायची की नाही हे तू ठरवणार, आणि कधीच नाही असं ठरवलंस तरी माझं काही म्हणणं नाही. पण तिथं आज मुलं आहेत. त्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आणि पोलिसांना मी माझ्या नावानं कळवणार आहे, की तपासणी करा, मुलांना एकेकट्याला भेटा.

त्याचा चेहरा उतरला. “मी विश्वासानं सांगितलं, दादा.”

“म्हणूनच आधी तुला सांगतोय.”

“आणि नाही म्हणलो तर?”

मी खरं ते सांगितलं. “तरी कळवीन.”

तो उठून गेला. पुढचे कित्येक महिने बसस्टँडवर दिसला तरी मान वळवायचा. मी पत्र पाठवलं. त्याचा विश्वास मोडला की नाही, याचं उत्तर मी स्वतःला आळीपाळीनं दोन्ही देतो. एक खरं, की मोडायचाच असेल तर तो मी मोडावा आणि दोष माझ्याकडे यावा, त्याच्याकडे नको, एवढं मी ठरवून केलं. त्या मुलीच्या वेळी मी ओझं तिच्या डोक्यावर दिलं होतं आणि स्वतः बाजूनं चाललो होतो.

या जानेवारीत तो पुन्हा आला, वडिलांना घेऊन. काकांशी तडजोड ठरत होती, कागद बघायचे होते. वडील झेरॉक्सला बाहेर गेले तेव्हा त्यानं विचारलं, “त्या पोरांचं काय झालं?”

तपासणी झाल्याचं मला कळवलं होतं. मुलांशी बोलले. कुणाचीही तक्रार नाही, असा अहवाल होता.

तो हसला. “आमच्याकडं पण एकदा साहेब आले व्हते. मला विचारलं, काही त्रास आहे का बाळा. मी म्हणलो, नाही साहेब, जेवण चांगलंय.”

पंखा फिरत होता. त्यानं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

“दादा, कोर्टात काय काय विचारतात?”

मी म्हणालो, हे ऐकलंस म्हणून केस करावीच लागेल असं काही नाही. त्यानं मान हलवली. मग मी सांगायला सुरुवात केली. आधी सरतपास, तो आपल्या बाजूचा. नंतर उलटतपास. त्यात पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, की इतकी वर्षं का बोलला नाहीस. नंतर विचारतील, फी भरली नाही म्हणून तुला होस्टेलमधून काढलं होतं ना. नंतर विचारतील, वडिलांना जमिनीचे किती पैसे मिळाले. तो मधे काही बोलला नाही. खोकल्याचंही मी त्याला सांगितलं. काचेतून त्याचे वडील दिसत होते. हातात सातबाराच्या झेरॉक्स घेऊन ते पायरीवर उभे होते, आत यावं की नाही अशा बेतात. त्यांना यातलं काही माहीत नाही.